चमकतंय म्हणजे मळलंय

मोटारीची चामड्याची सीट कारखान्यातून येते तेव्हा ती चमकत नसते. डॅशबोर्डही चमकत नसतो. नवेपणी दोन्हींचा पोत मंद असतो. उजेड पडला तरी तो पसरून जातो, डोळ्यांवर परत येत नाही. वर्षा-दोन वर्षांत ड्रायव्हरच्या सीटला पाठ टेकते तिथे, मांडी घासते तिथे चकाकी यायला लागते. स्टिअरिंग गुळगुळीत होतं, आणि गाडीवाला कौतुकाने हात फिरवून म्हणतो, बघा, चामडं कसं मुरलंय! मुरलेलं काहीच नसतं. घाम, अंगाचं तेल, डोक्याचं खोबरेल आणि रस्त्याची धूळ यांचा थर रोजच्या बसण्याने दाबून दाबून गुळगुळीत झालेला असतो.

हे मला माझ्या मामांनी शिकवलं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात त्यांचं कुशनचं दुकान होतं. जीप, ट्रॅक्टर, मेटॅडोर, क्वचित एखाद्या हौशी माणसाची अँबॅसिडर अशा गाड्यांच्या सीटा तिथे उसवल्या जायच्या आणि पुन्हा शिवल्या जायच्या. रेक्झिनचे गठ्ठे, काथ्या, फोमचे तुकडे आणि सोल्युशनचा डोक्यात जाणारा वास. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भाचरं तिथेच रेंगाळायचो. गिऱ्हाईक आलं की मामा अंगठ्याला पाणी लावून सीटचा कोपरा घासायचे, अंगठ्याला काय लागलं ते बघायचे आणि मगच बोलायला सुरुवात करायचे. कितीतरी जणांना त्यांनी कव्हर न बदलता परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. "आधी धुवा. चमकतंय म्हंजे मळलंय. धुऊन बी नाही जमलं तर या, मग शिवू." धंदा हातचा घालवणारा हा सल्ला होता, पण त्याच सल्ल्यामुळे माणसं पुढच्या खेपेला दुसरीकडे जात नसत.

आता आमच्याकडे जी गाडी आहे ती आम्ही सेकंडहँड घेतली. आतून बेज. आपल्याकडे सेडान घेणाऱ्यांना हा रंग फार आवडतो, कारण त्याने गाडी आतून मोठी आणि उजळ वाटते. काळ्या मातीच्या देशावर आणि लाल मातीच्या कोकणात तो टिकवायचा कसा, याचा विचार घेताना कोणी करत नाही. विकणाऱ्याने दाखवायच्या आधी गाडीला आतून पॉलिश मारून आणलं होतं. डॅशबोर्ड लखलखत होता, सीटवर बसलं की सरकायला होत होतं, आणि समोरच्या काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब इतकं दाट पडलं होतं की भर उन्हात पुढचा रस्ता त्या प्रतिबिंबाच्या आरपार बघावा लागत होता. इंजिन चांगलं होतं म्हणून घेतली. पहिल्याच रविवारी कोमट पाण्याची बादली, दोन-चार मऊ फडकी आणि एक मऊ ब्रश घेऊन मी आत बसले. फडकं पिवळट-तपकिरी होत गेलं आणि त्याखालून हळूहळू तो मूळचा मंद रंग वर आला. त्या दिवसापासून मला या कामाची ओढ लागली आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि दसऱ्याच्या आधी, मी ते मन लावून करते. मधल्या काळात फक्त फडकं आणि व्हॅक्यूम.

काय आहे ते ओळखल्याशिवाय त्याला काही लावू नये, ही यातली पहिली गोष्ट. लेदर सीट म्हणून विकलेल्या गाडीत सगळं चामडं नसतं. बहुतेक गाड्यांत अंग टेकतं तेवढाच भाग चामड्याचा असतो. सीटच्या बाजू, पाठीमागचा भाग, दरवाजाच्या गाद्या हे सगळं रेक्झिन, म्हणजे कापडावर चढवलेलं पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन. शिवाय जे खरं चामडं असतं, तेही उघडं नसतं. एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब सोडून बघावा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर थर आहे. थेंब मुरला आणि जागा गडद झाली तर चामडं उघडं आहे आणि ते फार जपून हाताळावं लागेल. रोजच्या वापरातल्या गाड्यांत थेंब बहुतेक वेळा उभाच राहतो.

हा थर काय असतो ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. जनावराची कातडी म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची गच्च वीण. ती तशीच ठेवली तर सडते, म्हणून ती कमावावी लागते. आपल्याकडे ती आधी चुन्यात भिजवून केस काढले जात, आणि मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावली जाई. कोल्हापुरी पायताणाचं चामडं या रीतीचं. कातडीची पिशवी शिवायची, ती टांगायची, आत साल-हिरड्याचा अर्क भरायचा आणि तो कातडीतून पाझरू द्यायचा. या कामाला आठवडेच्या आठवडे जातात. १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी चामडं कमावण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि आठवड्यांचं काम पुढे एखाद-दोन दिवसांवर आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये अल्फ्रेड चॅटर्टन यांनी ही पद्धत रुजवली, आणि १९४८ साली त्याच शहरात केंद्रीय चर्म संशोधन संस्था उभी राहिली. मोटारीच्या सीटांचं चामडं बहुतांश क्रोमने कमावलेलं असतं. अलीकडे क्रोम टाळूनही ते कमावतात.

कमावलेलं चामडं नुसतं वाळवलं तर ताठ होतं. म्हणून ते ओलं असतानाच मोठ्या फिरत्या पिंपांत घालून त्याला पाण्यात मिसळलेलं तेल पाजतात. तंतूंमध्ये तेल शिरतं ते तेव्हा. मग ते वाळवून त्यावर रंगाचा थर देतात आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. हे सगळे थर मिळून जाडी जेमतेम माणसाच्या केसाएवढी, पण आपण ज्याच्यावर बसतो, ज्याला घासतो, ज्यावर चहा सांडतो ते तेवढंच. मामांच्या भाषेत, "पोरी, तू चामडं धुत न्हाईस, तू रंग धुतीस."

इथेच आपल्या लोकांची गल्लत होते, आणि ती का होते हे मला आजोळामुळे नीट कळतं. नवं कोल्हापुरी पायताण पायाला चावतं. आजोबा ते रात्री तेल पाजून ठेवायचे. सकाळी तेल आत गेलेलं असायचं आणि पायताण मऊ झालेलं असायचं. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, कारण ते चामडं उघडं आहे, त्यावर कसलाही थर नाही. पिढ्यान्पिढ्या हे बघितल्यामुळे चामडं म्हटलं की आपला हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो. मोटारीच्या सीटवर मात्र तेच तेल वरच्या वर राहतं. थरातून ते आत जाऊ शकत नाही. जातं ते शिवणीच्या दोऱ्यात, हवेसाठी पाडलेल्या बारीक भोकांत आणि आपल्या पांढऱ्या कपड्यांवर. काही दिवसांनी ते खवट होतं, त्यावर धूळ चिकटते, आणि पाऊस सुरू झाला की बुरशीला आयतं खाद्य मिळतं. खोबरेल असो, एरंडेल असो की महागाचं ऑलिव्ह तेल, सीटला त्यातला फरक कळत नाही.

मग कंडिशनर तरी कशासाठी? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता, कारण बाटल्यांवर खोलवर पोषण देण्याच्या गोष्टी लिहिलेल्या असतात. थर शाबूत असलेल्या सीटमध्ये खोलवर काही जात नाही. चांगल्या, पाण्यात मिसळलेल्या कंडिशनरचं काम वरचं असतं. तो घर्षण कमी करतो, जीन्सचा निळा रंग आणि घाम थेट थराला भिडू देत नाही, आणि जिथे घड्या पडून थराला बारीक भेगा गेल्या आहेत तिथे, किंवा शिवणींपाशी, थोडासा आत शिरतो. एवढंच काम, पण ते कामाचं आहे. म्हणून तो रुपयाच्या नाण्याएवढा फडक्यावर घ्यावा, एका वेळी एक पट्टा करावा, थोडा वेळ थांबावं आणि कोरड्या फडक्याने पुसून काढावा. पुसल्यावर सीट आधीसारखीच मंद दिसली पाहिजे. चकाकली तर जास्त झालंय, पुन्हा पुसा. आणि न धुतलेल्या सीटला कंडिशनर लावणं म्हणजे मळाला मुलामा देणं. त्यापेक्षा काहीच न लावलेलं बरं.

धुण्याकडे म्हणूनच मी जास्त वेळ देते. आधी व्हॅक्यूम, मऊ ब्रशच्या तोंडाने, कारण शिवणींत बसलेली रेती ओली करून घासली तर ती सीट खरवडते. मग सौम्य, उदासीन साबण, म्हणजे आम्लधर्मीही नाही आणि अल्कधर्मीही नाही असा. चामडं स्वभावाने किंचित आम्लधर्मी असतं. कपड्यांची पावडर, भांड्यांची वडी, खाण्याचा सोडा हे सगळे अल्कधर्मी, म्हणून ते इथे नकोत. फेस सीटवर ओतायचा नाही, ब्रशवर घ्यायचा. वितभर जागा, हलक्या हाताने गोल गोल, लगेच पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसायचं, लगेच कोरडं करायचं. भोकांच्या सीटमध्ये पाणी जाऊ द्यायचं नाही. आतून हवा देणाऱ्या सीटांच्या पोटात पंखे असतात. बाजारात पांढरा, चुरमुरीत मेलॅमिनचा स्पंज मिळतो. त्याने डाग जादूसारखा जातो. तो अतिशय बारीक पॉलिश पेपरच आहे, आणि डागाबरोबर तो वरचा थरही घेऊन जातो. भिंतीसाठी ठीक आहे, सीटसाठी नाही.

मळ कुठे जास्त असतो हे माणसांच्या सवयी सांगतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडून चढतो, म्हणून त्याच्या सीटची उजवी कड आधी झिजते. जीन्सचे पितळी रिव्हेट, पट्ट्याचं बक्कल, मागच्या खिशातल्या किल्ल्या रोज तिथून घासून जातात. डोकं टेकायच्या जागी खोबरेल तेलाचा गडद गोल पडतो. आमच्या गाडीत तो सासूबाईंच्या जागेवर पडायचा. तिथे मी एक सुती नॅपकिन घालायला सुरुवात केली आणि तो कपड्यांबरोबर धुवायला टाकते. त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट जुन्या आरामखुर्चीच्या पाठीवर टाकायचं विणलेलं कापड त्यांच्याकडे होतं, तेच आता गाडीत आलं आहे. २०२० नंतर एक नवा शत्रू आला, सॅनिटायझर. हाताला लावून तो न वाळताच स्टिअरिंग धरलं की त्यातलं अल्कोहोल वरचा थर मऊ करतं, आणि तळहाताचा दाब त्याला उचकटतो. सनस्क्रीनचंही तसंच. दरवाजाच्या वरच्या काठावर, जिथे आपण कोपर टेकवतो, तिथे पांढरट चिकट पट्टा दिसला तर तो बहुतेक सनस्क्रीनचा.

हळदीचा डाग हा आपला खास. बटाटावडा, मिसळीचा कट, प्रवासातली पोळीभाजी. हळदीच्या डागावर अल्कधर्मी साबण लावला की तो लाल होतो आणि बघणारा घाबरतो. घाबरू नये. हळदीवर चुना घालून जुन्या पद्धतीने कुंकू करतात, तीच ही क्रिया. उदासीन साबणाने आणि पाण्याने जितका जाईल तितका काढावा. उरलेला पिवळेपणा बेज छताच्या कापडावर असेल तर उन्हात काही दिवसांत फिका होतो, कारण हळदीतला रंग उजेडात टिकत नाही. तो काढण्यासाठी ब्लीचकडे वळू नये, कापडाचा मूळ रंगही जाईल.

डॅशबोर्डकडे येते. इथे मला खरोखर राग येतो. सिलिकॉनचं तेल असलेले स्प्रे मारून डॅशबोर्ड लखलखीत करण्याची रीत इतकी रुजली आहे की गाडी धुऊन आणली आणि आत चमक दिसली नाही तर गिऱ्हाईक पैसे परत मागतं. त्या चमकेचं काचेत प्रतिबिंब पडतं आणि दुपारी समोरून येणारा दुचाकीवाला उशिरा दिसतो. हे तेल पेडलवर उडालं तर पाय सरकतो, स्टिअरिंगवर बसलं तर हात. आणि तेलकट पृष्ठभागावर धूळ अधिकच चिकटते, म्हणजे ज्यासाठी मारलं त्याच्या उलट होतं.

डॅशबोर्ड आणि दरवाजांची पॅनेलं बहुतेक पॉलिप्रोपिलीन आणि एबीएस या कडक प्लास्टिकांची असतात. महाग गाड्यांत वर मऊ पीव्हीसीचं कातडं असतं. मऊ पीव्हीसीत ते मऊ राहावं म्हणून घातलेली रसायनं उन्हात हळूहळू उडून जातात. नव्या गाडीच्या वासात त्यांचाही वाटा असतो. समोरच्या काचेच्या आतल्या बाजूवर जो धुरकट पापुद्रा जमतो, जो पुसताना फक्त इकडून तिकडे फिरतो, तो बराचसा याचाच. उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तापतो. समोरची काच दोन काचांमध्ये पापुद्रा घालून केलेली असल्याने अतिनील किरण बरेच अडवते, बाजूच्या काचा तितके अडवत नाहीत. म्हणून डॅशबोर्डचं नुकसान उष्णता जास्त करते आणि दरवाजांच्या पॅनेलचं ऊन. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर चिकटवायच्या काळ्या फिल्मना मनाई केली, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. समोरच्या काचेमागे लावायचा घडीचा पडदा आणि झाडाची सावली या दोन गोष्टी मात्र कायद्यात बसतात आणि काम करतात.

पॅनेलांना मी काय करते? ओलं मायक्रोफायबर फडकं, सौम्य साबणाचे दोन थेंब, मग कोरडं फडकं. एसीच्या जाळ्यांतली धूळ काढायला दाढीचा जुना ब्रश. त्याच्याइतकं चांगलं साधन मला दुकानात सापडलेलं नाही. स्प्रे कधीच थेट मारायचा नाही, फडक्यावर मारायचा, कारण बटणांच्या मागे तारा आहेत. टचस्क्रीनला अमोनियावालं काच-क्लीनर लावायचं नाही, त्याचा लेप जातो. एअरबॅगच्या झाकणाच्या फटी ओल्या करायच्या नाहीत आणि तिथे मूर्ती किंवा स्टिकर चिकटवायचे नाहीत. झाकण उडतं तेव्हा ते जे वर असेल ते तुमच्या तोंडावर फेकतं. शेवटी, ऊन फार असेल तर, चमक न देणारं, अतिनील किरणांपासून बचाव करणारं पाण्यातलं ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिकवर लावायचं द्रावण, अगदी पातळ. हात फिरवला तर कोरडं लागलं पाहिजे.

सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला येणारा मुलगा मनापासून काम करतो. "ताई, आतून पण मारू का?" असं तो दर सोमवारी विचारतो. ज्या फडक्याने त्याने बाहेरची चाकं पुसलेली असतात तेच त्याच्या हातात असतं. मी त्याला आतल्यासाठी वेगळ्या रंगाची फडकी आणून दिली. आता तो इतरांच्या गाड्यांनाही वेगळी फडकी वापरतो आणि त्याचे जास्त पैसे घेतो. बरोबरच आहे.

पावसाळा मात्र सगळ्यांची परीक्षा घेतो. सासर संगमेश्वरजवळ. आषाढात गाडी अंगणात आठ दिवस उभी राहिली की दार उघडल्यावर आधी वास येतो आणि मग सीटवर राखाडी-पांढरी साय दिसते. पट्टे, पर्स, पेटीतले बूट यांच्यावर कोकणात जी येते तीच ही बुरशी. तिला ओलावा हवा आणि खायला काहीतरी हवं. खायला आपण दिलेलं असतं, घामाच्या आणि तेलाच्या रूपात. म्हणून पावसाच्या आधीची धुलाई मी चुकवत नाही. आली तर गाडी उघड्यावर काढायची, नाकाला रुमाल बांधायचा, कोरड्या ब्रशने साय झाडायची, तो ब्रश लगेच धुवायचा, मग ओलसर फडकं आणि साबण, आणि दारं उघडी टाकून सावलीत वाळवायचं. उन्हात नाही, वाळता वाळता चामडं आक्रसतं.

पण बुरशी पुसण्यापेक्षा पाणी कुठून येतं ते शोधणं महत्त्वाचं. ओल्या छत्र्या, रेनकोट, चिखलाचे पाय ही झाली नेहमीची कारणं. त्याहून मोठी कारणं लपलेली असतात. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी कचऱ्याने तुंबली की ते पाणी डावीकडच्या सीटच्या पायाखाली उतरतं. सनरूफच्या कोपऱ्यांतल्या नळ्या झाडाच्या पाल्याने तुंबल्या की छत गळतं आणि आपण काचेला दोष देतो. पायपुसण्या उचलून खालच्या गालिच्याला तळहात लावून बघायचा. गार लागला तर ओला आहे. तिथे वर्तमानपत्राची रद्दी घालून ठेवायची आणि ती रोज बदलायची. कापूर आणि डांबरगोळ्यांनी वास झाकला जातो, ओल तशीच राहते. नव्या गाडीच्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक महिनोन्महिने न काढणारे लोक मी कोकणातही पाहिले आहेत. त्या प्लास्टिकखाली ओल कोंडते. ते पहिल्याच दिवशी काढून टाकावं. चांगल्या चामड्यावर चढवलेली जाड कव्हरंही तशीच, आणि सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर ती त्याच्या वाटेत येतात.

हे काम करताना माझ्या मनात नेहमी एक गोष्ट येते. मोटेचं पाणी, पखवाजाचा नाद, पायातली वहाण, बैलाच्या गळ्यातला पट्टा, हे सगळं ज्यांचं चामड्यावर चालायचं त्या गावांनी चामडं कमावणाऱ्या ढोर समाजाला आणि त्यातून वस्तू घडवणाऱ्या चर्मकारांना वेशीबाहेर ठेवलं. कुठल्या कातडीला किती साल, किती हिरडा, कुठल्या मोसमात किती दिवस हे सगळं ज्ञान त्यांच्या हातांत होतं, आणि ते लिहून ठेवावं असं लिहिणाऱ्यांपैकी फारसं कोणाला वाटलं नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं, ते चांगलंच झालं. पण शोरूममध्ये लेदर सीटवर प्रेमाने हात फिरवणाऱ्या माणसांनी, आपण कशावर हात फिरवतो आहोत आणि कोणाच्या श्रमावर, हे एकदा तरी आठवावं असं मला कळकळीने वाटतं. मामा स्वतः रापी आणि आरी सुभाषनगरातल्या एका कारागिराकडून घासून आणायचे आणि दर दिवाळीला त्यांच्या घरी फराळाला जायचे. "त्यांनी शिकवलं म्हणून आम्ही शिवतो," एवढंच ते म्हणायचे. मामांकडे चामडं कमी आणि रेक्झिनच जास्त यायचं, तरीही.

दुकान आता मामेभाऊ चालवतो. मागच्या भेटीत मी त्याला आमच्या सीटची उजवी कड दाखवली. थर गेला होता आणि खालचं राखाडी चामडं दिसत होतं. पूर्ण कव्हर बदलायचं का, असं मी विचारलं. त्याने, अगदी मामांसारखा, अंगठा लावून बघितला. "चामडं धड हाय अजून. रंग भरू." त्याने ती जागा स्वच्छ केली, अगदी बारीक पॉलिश पेपरने सपाट केली, पाण्यातला लवचिक फिलर, म्हणजे खाचा भरणारा लेप दिला, बेज रंग चार-पाच वेळा मिसळून पुसून जुळवला, पातळ पातळ थर दिले आणि शेवटी मंद, न चमकणारा वरचा थर. रंग जुळवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण नवेपणीचा बेज आणि वापरलेला बेज वेगळे असतात. तो दुकानाच्या दारात उभा राहून, मग उन्हात जाऊन, मग परत आत येऊन बघत होता. आता ती जागा मलाही शोधावी लागते.

दसऱ्याला गाडीची पूजा असते. दर वर्षी सासूबाई स्टिअरिंगला कुंकवाचं बोट लावायच्या आणि ते स्टिअरिंगच्या चामड्याच्या शिवणीत बसायचं. आजकालच्या कुंकवात बहुतेक कृत्रिम रंग असतो, तो हळदीसारखा उन्हात जात नाही. यंदा मी विषय काढायच्या आधीच त्या म्हणाल्या, "किल्लीला लावते गं कुंकू, स्टिअरिंगला नको. स्वस्तिक बाहेर बोनेटवर. आणि झेंडू आत नको, पाकळी दबली की सीट पिवळी होते." पाकळ्यांचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. ते त्यांना आपल्या साड्यांवरून माहीत होतं.